आधी पंचनामा, मग निकाल

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास यवतमाळसह विदर्भाच्या, खानदेशाच्या आणि शेजारच्या मध्य प्रदेशाच्या आकाशातून पेटत्या गोळ्यांची एक रांग वायव्येकडून आग्नेयेकडे सरकत गेली. लोक अंगणात, गच्चीवर, शेताच्या बांधावर उभे राहून पाहत होते. काही मिनिटांतच मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागले आणि त्यांच्यासोबत निकालही फिरू लागले. कोणी म्हणाले उल्का पडली, कोणी म्हणाले विमान पेटले, कोणाला ते शत्रूचे क्षेपणास्त्र वाटले, तर कोणाला परग्रहावरची उडती तबकडी. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावालगत, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले. जवळच्या पवनपार परिसरात एक पोकळ गोळा मिळाला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

पुढच्या काही दिवसांत कोडे बरेचसे सुटले. हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्राचे जोनाथन मॅकडॉवेल हे अवकाशात सोडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारे अभ्यासक. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३-बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्या वेळी पृथ्वीच्या वातावरणात परत शिरणार होता, आणि दिसलेला प्रकाश त्याचाच असावा, असे त्यांनी सांगितले. वेळ जुळली, मार्ग जुळला, जमिनीवर सापडलेले भागही रॉकेटच्या बांधणीशी जुळले. परग्रहवासी आले नव्हते. वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिलेला माणसाचाच कचरा घरी परतला होता.

एवढ्यावर वाद मिटायला हवा होता, पण तो मिटत नाही. परग्रहवासीयांवर विश्वास असणारे विचारतात, हे एक सुटले, पण बाकीच्यांचे काय? संशयवादी म्हणतात, लोकांना काहीही दिसते, लक्ष देऊ नका. या दोन्ही पक्षांची गाडी एकाच ठिकाणी अडते, असे माझे मत आहे. दोघांनाही निकालाची घाई आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याला पंचनामा काय असतो हे शिकवावे लागत नाही. गारपीट झाली, बोंडअळीने कपाशी खाल्ली, रानडुकरांनी हरभरा उकरला, की कोणीतरी बांधावर येतो, क्षेत्र मोजतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. किती नुकसान झाले आणि कशामुळे, हे त्यानंतर ठरते. आकाशातल्या अनोळखी वस्तूलाही हाच क्रम लागू व्हायला हवा. मी परग्रहवासीयांच्या भेटीचा दावा मानत नाही. तरीही संशयवाद्याने साक्षीदाराला उडवून लावू नये, असा माझा आग्रह आहे.

आधी साक्षीदाराबद्दल. यवतमाळ जिल्ह्यात आकाशाकडे सर्वांत जास्त वेळ पाहणारा माणूस म्हणजे शेतकरी. रानडुकरे आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून तो रात्री मचाणावर जागल करतो. दिवसा वीज नसली की मोटार रात्री चालू करावी लागते, तेव्हाही तो शेतातच असतो. पुसद-उमरखेडच्या डोंगराळ भागात, झरी-जामणी आणि घाटंजीच्या कोलाम पोडांवर, टिपेश्वरच्या जंगलालगत शहरांच्या मानाने आजही अंधार आहे आणि म्हणून आकाशही आहे. या माणसाला शुक्र कधी उगवतो हे ठाऊक असते. असा माणूस ‘आज काहीतरी वेगळे दिसले’ म्हणतो, तेव्हा ती माहिती असते. तिला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणारा शहरी शहाणपणा विज्ञानाचा नाही, तुच्छतेचा आहे.

या तुच्छतेने विज्ञानाचे एकदा मोठे नुकसान केले आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधले शेतकरी आकाशातून दगड पडतात असे सांगत होते. १७६८ मध्ये ल्यूसे येथे पडलेल्या दगडाची तपासणी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या समितीने केली. तिच्यात आधुनिक रसायनशास्त्राचे जनक लाव्हाझिए होते. हा जमिनीवरचाच दगड आहे आणि वीज पडून भाजला आहे, असा निष्कर्ष त्या समितीने काढला. पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी लेग्ल या गावाच्या परिसरात हजारो दगडांचा वर्षाव झाला. तरुण शास्त्रज्ञ ज्याँ-बाप्तिस्त बियो तिथे गेले, गावोगाव फिरले, लोकांचे जबाब घेतले, दगड कुठे कुठे पडले ते नोंदवले आणि परत येऊन सांगितले की शेतकऱ्यांचे खरे आहे. बियो यांनी केले ते पंचनाम्याचेच काम होते. अकादमीने जे खोलीत बसून नाकारले होते, ते शेतात जाऊन सिद्ध झाले.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. २२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात उल्कापाषाण पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तुकडे जमा केले, त्यांचे वर्गीकरण झाले आणि अभ्यास पुढे चालू राहिला. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात सर्वाधिक प्रमाणात असणारे, पण माणसाच्या हाती सहज न लागणारे ब्रिजमनाइट हे खनिज काटोलच्या पाषाणात सापडल्याचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आकाशातून काहीतरी पडले, या गावकऱ्यांच्या साध्या वाक्यापासून सुरू झालेली वाट पृथ्वीच्या पोटापर्यंत गेली.

मात्र साक्षीदाराचा आदर करणे आणि त्याने काढलेला अर्थ स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे विश्वास ठेवणाऱ्यांना मला थांबवायचे आहे. पाडव्याच्या त्या रात्री शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावांतल्या लोकांना ते आपल्याच शिवारापलीकडे पडले असे वाटू शकत होते. त्यांचे डोळे खोटे बोलत नव्हते. अंधाऱ्या आकाशातल्या प्रकाशाचे अंतर ओळखण्याची सोयच माणसाच्या डोळ्याला नाही. साधारण ऐंशी किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू मोकळ्या क्षितिजावर जवळपास हजार किलोमीटरवरूनही दिसू शकते. वस्तूचा खरा आकार माहीत नसेल तर अंतर कळत नाही, आणि अंतर माहीत नसेल तर आकार आणि वेगही कळत नाही. म्हणून ‘मोठी होती’, ‘जवळून गेली’, ‘प्रचंड वेगात होती’ ही तिन्ही वाक्ये प्रामाणिक असूनही पुरावा म्हणून कच्ची असतात. ‘इतक्या वाजता दिसली, या दिशेकडून त्या दिशेला गेली, इतका वेळ दिसत होती’ ही तीन वाक्ये मात्र पक्की असतात. वाद घालताना आपण कच्च्या वाक्यांना कवटाळतो आणि पक्की विसरून जातो.

ही चूक फक्त खेड्यातला माणूस करतो असे कोणी समजू नये. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर तैनात भारतीय जवानांनी आकाशात फिरणाऱ्या अनोळखी दिव्यांच्या शेकडो नोंदी केल्या होत्या. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत असा संशय होता. लष्कराने भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांची मदत घेतली, तेव्हा ते दिवे गुरू आणि शुक्र असल्याचे निष्पन्न झाले. पहारा देणारे प्रशिक्षित जवान होते, दुर्बिणी होत्या, तरी ग्रह ओळखता आले नाहीत. पण त्या जवानांनी एक गोष्ट अचूक केली होती. त्यांनी प्रत्येक वेळी नोंद ठेवली होती, म्हणूनच उत्तर सापडले.

आता संशयवाद्यांबद्दल. पाडव्याच्या प्रकाशाचे पहिले तज्ज्ञ स्पष्टीकरण चीनच्या रॉकेटचे नव्हते. त्याच दिवशी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन नावाचे रॉकेट उडाले होते आणि हे त्याचेच अवशेष असावेत, असे सुरुवातीला सांगितले गेले. ते स्पष्टीकरण विज्ञानाच्या भाषेत होते, पटण्यासारखे होते, आणि चुकीचे होते. विज्ञानाच्या भाषेत बोलले म्हणजे वैज्ञानिक झाले असे होत नाही. मात्र या चुकीला एक गुण होता. तिची तपासणी करता येत होती. कुठले रॉकेट किती वाजता कुठे असेल याचे गणित मांडता येते, ते मांडले गेले आणि पहिले उत्तर मागे पडले. परग्रहवासीयांच्या दाव्याला नेमका हाच गुण नसतो. तो कोणत्या पुराव्याने खोटा ठरेल, हे दावा करणारा कधी सांगत नाही. पुरावा सापडला तर ते आले होते, आणि नाही सापडला तर सरकारने लपवला.

उत्तराला किती वाट पाहावी लागते, हे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार शिकवते. बेसॉल्ट खडकातले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्वालामुखीने झाले, असे भूशास्त्रज्ञांचे दीर्घकाळचे मत होते, आणि दख्खनचे पठारच लाव्हाचे असल्याने ते स्वाभाविकही होते. १८९६ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी आघाताची शक्यता सुचवली. पण शक्यता म्हणजे सिद्धी नव्हे. विवराच्या तळातून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड आघातानेच तयार होणारे काचेचे रूप सापडले आणि १९७३ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रश्न सुटला. मधल्या सत्त्याहत्तर वर्षांत लोणारचे खरे उत्तर ‘माहीत नाही’ हेच होते, आणि ते त्या काळातले सर्वांत प्रामाणिक उत्तर होते. आकाश आपल्याला थक्क करते हे विदर्भाला कोणी वेगळे सांगायला नको. पण लोणारला जे आले तो दगड होता, काटोलला जे आले तोही दगड होता, आणि सिंदेवाहीला जे आले ते माणसाने घडवलेले धातूचे भाग होते, हे कळायला प्रत्येक वेळी हातात नमुना यावा लागला.

विश्वास ठेवणाऱ्यांची बाजू तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडायला हवी. त्यांच्याकडे तीन मुद्दे आहेत. पहिला, न सुटलेल्या नोंदींचा. अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकच्या आकडेवारीत १९४७ ते १९६९ या काळातल्या १२,६१८ नोंदी आहेत, त्यांतल्या ७०१ अखेरपर्यंत अनोळखी राहिल्या. २०२१ च्या अमेरिकी गुप्तचर अहवालात १४४ पैकी फक्त एका नोंदीची ओळख पटली, आणि तो हवा गेलेला मोठा फुगा होता. हे आकडे खरे आहेत. पण अनोळखी राहणे याचा अर्थ माहिती अपुरी असणे एवढाच असतो. पोलिसांना ज्या चोऱ्यांचा तपास लागत नाही त्या सगळ्या भुतांनी केल्या, असे आपण म्हणत नाही. उलट मला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. ब्लू बुकमधल्या जवळजवळ बारा हजार नोंदींना उत्तर मिळाले, आणि त्यांतले एकही परग्रहाचे निघाले नाही.

दुसरा मुद्दा सरकारी लपवाछपवीचा. इथे विश्वास ठेवणारे अर्धे बरोबर आहेत. १९४७ मध्ये अमेरिकेत रॉसवेलजवळ सापडलेल्या आणि उडत्या तबकडीचे मानल्या गेलेल्या अवशेषांबद्दल अमेरिकी लष्कराने खरे सांगितले नव्हते. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज उंच हवेत टिपण्यासाठी सोडलेल्या गुप्त मोगल प्रकल्पाच्या फुग्यांचे ते अवशेष होते, हे १९९४ मध्ये मान्य केले गेले. सरकार लपवते, हा संशय योग्य ठरला. पण लपवलेली गोष्ट सरकारची स्वतःचीच होती. २०२३ मध्ये एका माजी गुप्तचर अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेपुढे परग्रहावरची याने सरकारच्या ताब्यात असल्याचे शपथेवर सांगितले, तेव्हा जगभर खळबळ झाली. मार्च २०२४ मध्ये संरक्षण खात्याच्या चौकशी कार्यालयाने अशा कोणत्याही दाव्याला पुरावा नसल्याचा अहवाल दिला. ज्याला हा अहवाल मान्य नाही त्याने तो जरूर नाकारावा, पण त्या बदल्यात यानाचा एक तुकडा तरी टेबलावर ठेवावा. शपथ ही साक्ष आहे, वस्तू नाही.

तिसरा मुद्दा विश्वाच्या विशालतेचा, आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. १९९५ मध्ये सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह सापडला. आज सूर्यमालेबाहेरच्या ज्ञात ग्रहांची संख्या पाच हजारांच्या वर गेली आहे. एवढ्या जगांत जीव फक्त इथेच असेल असे मानणे कठीण आहे. पण कुठेतरी जीव असणे आणि तो यवतमाळच्या आकाशात येऊन जाणे यांत फार मोठे अंतर आहे. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके अंतर कापायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. हे अंतर कोणी कधीच ओलांडू शकणार नाही असे मी म्हणत नाही. ओलांडल्याचा दावा करणाऱ्याने तेवढ्याच तोलाचा पुरावा द्यावा, एवढेच म्हणतो.

या वादात कसे उभे राहावे याचा आदर्श मराठी माणसाला बाहेर शोधावा लागत नाही. डॉ. जयंत नारळीकर हे पृथ्वीबाहेरच्या सूक्ष्मजीवांच्या शक्यतेकडे गांभीर्याने पाहणारे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादहून फुगे सोडून वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने निर्जंतुक पद्धतीने गोळा करण्यात आले. २००५ च्या प्रयोगातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या आणि २००९ मध्ये त्या जाहीर झाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे, एकीला आर्यभटाचे आणि एकीला इस्रोचे नाव मिळाले. जगभरच्या वर्तमानपत्रांना ‘परग्रहावरचे जीव सापडले’ असा मथळा देता यावा असा तो क्षण होता. पण हे जीव पृथ्वीबाहेरून आल्याचे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेच अधिकृतपणे सांगितले गेले. शक्यतेवर प्रेम करणाऱ्या माणसाने आपल्याच शक्यतेविरुद्ध इतके सावध राहणे, याला मी वैज्ञानिक दृष्टी म्हणतो. हेच नारळीकर फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेण्यासाठीही पुढे आले होते. त्यांच्यात संशय आणि कुतूहल यांचे भांडण नव्हते.

दिव्यांच्या या वादाने यवतमाळच्या माणसाचे काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की ‘मला कळले नाही’ या वाक्यानंतर आपण काय करतो, यावर आपल्या भागात माणसांचे जीव अवलंबून असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे त्या प्रकाशरेषांच्या सात-आठ महिने आधी, चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) गावात भानामतीच्या संशयावरून वृद्धांना आणि महिलांना भर चौकात बांधून मारहाण झाली. गावातल्या काही गोष्टींचा उलगडा झाला नव्हता, आणि उलगडा न झालेल्या जागी लोकांनी थेट दोषी माणूस ठेवला. परग्रहवासीयांवरचा विश्वास तुलनेने निरुपद्रवी आहे हे मान्य. पण उत्तर सापडले नाही म्हणून कल्पनेतले उत्तर खरे मानायचे, ही सवय दोन्हीकडे एकच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर या सवयीविरुद्ध काम केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला. कायदा अत्याचार रोखू शकतो, पण पुराव्याची वाट पाहायला शिकवणे त्याच्या हातात नाही. ते शाळेत आणि चावडीवरच शिकावे लागते. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये आपले मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे.

शिवाय परग्रहवासी की थोतांड, या भांडणात एक खरा प्रश्न बुडून जातो. लाडबोरीचे कडे एखाद्या घरावर पडले असते तर? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर ती सोडणाऱ्या देशाची जबाबदारी पूर्ण असते, निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुइंधनावरचा उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने भरपाई मागितली आणि तीस लाख कॅनेडियन डॉलर मिळवले. त्यासाठी वस्तू कोणाची हे सिद्ध करावे लागते. म्हणजे पुन्हा पंचनामाच. विदर्भाचा शेतकरी पडलेल्या तुकड्याला देवाचा कोप किंवा परग्रहाची भेट मानून बसला, किंवा शहरातल्या शहाण्याने त्याला ‘काहीतरी असेल’ म्हणून गप्प केले, तर त्याच्या छपराचा दावा कोण करणार? उपग्रहांची संख्या झपाट्याने वाढते आहे. रांगेत जाणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांच्या दिव्यांची छायाचित्रे आता गावोगावच्या मोबाइलवर आहेत. असे प्रसंग पुन्हा येतील.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने आकाशातल्या अनोळखी घटनेसाठी एक पानी मराठी नमुना तयार करावा आणि तो प्रत्येक ग्रामपंचायतीत व शाळेत असावा. वेळ, दिशा, कालावधी, क्षितिजापासूनची उंची एवढे चार रकाने पुरेत. हात पुढे ताठ करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते, उंची मोजायला तेवढे बस आहे. पडलेल्या वस्तूला हात लावू नये, कारण रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलिसांना आणि तहसीलदारांना कळवावे, आणि वस्तू तपासायला नेणाऱ्या संस्थेने तिचा निष्कर्ष मराठीत त्याच ग्रामपंचायतीला पाठवावा. ज्या गावाने वस्तू दिली त्या गावाला उत्तर मिळालेच पाहिजे.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी आकाशात काही अनोळखी दिसले तर घाबरू नका आणि हसूही नका. घड्याळ पाहा, दिशा लक्षात ठेवा, त्याच रात्री लिहून काढा. तुमची नोंद हा पुरावा आहे. तिचा अर्थ तपासाअंती ठरू द्या, आणि तपास लागेपर्यंत ‘अजून माहीत नाही’ असे ठामपणे म्हणायला लाजू नका.